टिटवीच्या उरलेल्या फेऱ्या

११ जून

छोटे,

तू पोचल्याचं फोनवर कळलं, पण फोनवर काय बोलणार? दोन्ही पोरं फोनला कान लावून बसतात, आणि धाकटा तर आपण बोललेलं वाक्य ताजं असतानाच खालच्या मजल्यावर पोचवून येतो. तेव्हा ठरल्याप्रमाणे पोरांसाठी रविवारचा फोन आणि मोठ्यांसाठी ही पत्रं. पत्र लिहायचा मला कंटाळा नाही हे तू जाणतेस. डेपोच्या वेळापत्रक विभागात असताना माझ्या हातचा कागद साहेब दोनदा वाचत, एकदा मजकुरासाठी आणि एकदा अक्षरासाठी.

आपलं काय ठरलंय ते एकदा कागदावर मांडतो, म्हणजे मागाहून घोळ नको. टिटवीची छाती पुरती बरी होईपर्यंत डॉक्टर तिला वर्गाच्या गर्दीत जाऊ देणार नाहीत. ढब्बू शाळेत गेला तर वर्गातला सगळा खोकला घरी घेऊन येईल, म्हणून तोही घरीच. शाळेचं म्हणणं असं, की वर्षभर घरी शिकवा, एप्रिलमध्ये दोघांची परीक्षा घेऊ, पास झाली तर आपल्या वर्गाबरोबर पुढे, नाही तर तोच वर्ग पुन्हा. तू तिकडे प्रयोगशाळेचं वर्षभराचं प्रशिक्षण पुरं करायचंस, म्हणजे दवाखान्यातली नोकरी कायम होईल. पाहुण्यांनी, म्हणजे पोरांच्या बाबांनी, जहाजावरचं इंजिन सांभाळायचं. घर मी सांभाळायचं. मी तसाही मोकळाच आहे. वेळापत्रकं आता संगणक करतो. बरी करतो म्हणे.

सोबत पोरांच्या वेळापत्रकाची नक्कल आहे. मूळ प्रत मधल्या खोलीच्या भिंतीवर, जुन्या ड्युटी चार्टच्या पाठकोऱ्या बाजूला. टिटवी ही ड्युटी क्रमांक एक, लाल पेन्सिल. ढब्बू क्रमांक दोन, निळी. प्रत्येक विषय म्हणजे एक फेरी. फेरी सुटताना मी कंट्रोलरची जुनी शिट्टी वाजवतो. पहिल्याच दिवशी खालच्या शिवणवाल्या काकू धावत वर आल्या. म्हणाल्या, "आग लागली का हो?"

म्हटलं, "नाही, भूगोल सुटला."

निर्धास्त राहा.

तुझा दादा

•

२४ जून

दादा,

तुझं वेळापत्रक मी पलंगाशेजारच्या भिंतीला लावलंय. माझ्या खोलीतली दुसरी मुलगी ते बघून म्हणाली, "ही बसची लाइन कुठे जाते?" म्हटलं, "दोघांना घेऊन पुढच्या वर्गात."

काही शंका आहेत. ढब्बूच्या ओळीत रोज सकाळी 'गाडी धुणे' आहे, ती आंघोळ समजायची ना? आणि 'इंधन' म्हणजे जेवण? मग रविवारी दुपारी 'दुरुस्ती' कशाची? पोराची नखं कापणार असशील तर आधी त्याला पकडायची एक वेगळी फेरी ठेव.

हसते आहे, पण खरं सांगू? या चार्टकडे बघितलं की जरा धीर येतो. तुझं अक्षर दिसलं की मला लहानपणापासून असंच होतं. सगळं कुणीतरी बघतंय, असं.

एकच गोष्ट खटकली. सबंध चार्टमध्ये एकही रिकामा चौकोन नाही. टिटवी दुपारी दमते. ती सांगणार नाही. आधी सगळं घर डोक्यावर घ्यायची म्हणून आपण तिला टिटवी म्हणायचो, आणि आता धाप लागली की मुकाट होते, तेवढ्यावरून ओळखायचं.

आणि दादा, हे नीट वाच. जमेनासं झालं तर आडपडदा ठेवू नकोस. नुसतं 'ये' एवढं लिही, मी हे सगळं सोडून येते. नोकरी पुन्हा केव्हातरी मिळेल. टिटवीची मैत्रीण पुढे गेली आणि ही मागे राहिली, असं मला होऊ द्यायचं नाही.

पोरांना पापे.

छोटी

•

५ ऑगस्ट

छोटे,

पत्राला उशीर झाला त्याचं कारण काम, दुसरं काही नाही. इकडे सर्व गाड्या वेळेवर आहेत.

टिटवीचं गणित अपूर्णांकांपर्यंत झालं. मी शिकवलेले अपूर्णांक आहेत, साधेसुधे नव्हेत. चार मार्गांवर गाड्या वाटून दे म्हटलं तर पोरगी तोंडी वाटून देते. ते इतकं पक्कं झालंय, की पुढे जाण्याआधी त्याचीच एक उजळणी घ्यावी म्हणतो. पाया भक्कम असलेला बरा.

ढब्बू वाचायला लागला. खिडकीतून समोरचा थांबा दिसतो, तिथे येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी तो मोठ्याने वाचतो. मधेच एक गाडी पाटी न लावता आली तेव्हा त्याने खिडकीतून ड्रायव्हरला झापलं. ड्रायव्हर माझ्या हाताखालचा. वर बघून सलाम ठोकला बिचाऱ्याने, त्याला वाटलं मीच.

रिकाम्या चौकोनाबद्दल. रिकामा चौकोन म्हणजे डेपोत उभी गाडी. ती कुणाच्याच कामाची नसते. टिटवी दुपारी क्वचित दमते, तेव्हा तेवढी फेरी पुढच्या दिवशी जोडून देतो. काही बुडत नाही. तू यायची भाषा करू नकोस. गरज नाही.

काकूंनी शिट्टीला हरकत घेतली होती. आता म्हणतात, शिट्टीवर त्यांचंही काम आटोपतं.

तुझा दादा

•

२३ ऑगस्ट

दादा,

किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुझं पत्र खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं, ड्रायव्हरच्या सलामाला सगळ्या जणी खिदळल्या.

माझंही छान चाललंय. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्ट्या बघून बघून आता डोळे मिटले तरी गोल गोल दिसतं. जोडीला आणखी एका प्रमाणपत्राचा वर्ग घेतलाय. घर सोडून आलेच आहे तर वर्षाचा प्रत्येक तास कारणी लावावा, नाही का? तुझीच बहीण.

एक विचारायचं होतं. रविवारी ढब्बू फोनवर म्हणाला, "मामा पहाटे स्वयंपाकघरात कुणाशी तरी भांडतो." मी विचारलं, "कुणाशी?" तर म्हणाला, "ते दिसत नाही. पण मामाच हरतो."

तब्येत बरी आहे ना तुझी?

छोटी

•

३० सप्टेंबर

छोटे,

तब्येत ठणठणीत. पहाटे रेडिओ ऐकतो, निवेदकाची चूक झाली की मी ती मोठ्याने दुरुस्त करतो. जुनी सवय. ढब्बूला सांग, मामा हरत नाही.

वेळापत्रकात किरकोळ बदल केला आहे. आठवड्यात राहिलेल्या फेऱ्या आता रविवारी घेतो. त्यासाठी लाल पेन्सिलीने एक नवी ओळ आखली: टिटवीच्या उरलेल्या फेऱ्या. ओळ छान आली आहे. अपूर्णांकांची तिसरी उजळणी चालू आहे.

पाहुण्यांचं पत्र आलं होतं, बंदरावरून. मजेत आहेत.

घाईत,
तुझा दादा

•

१२ डिसेंबर

दादा,

अडीच महिन्यांत तुझी दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही, आणि मीही लिहिलं नाही. आपण दोघंही न लिहिणाऱ्यांतले नाही. तेव्हा आता मी आधी खरं सांगते.

मी नापास झाले आहे. सहामाहीच्या लेखी परीक्षेत. प्रमाणपत्राच्या जादा वर्गाने सगळा वेळ खाल्ला, त्यात दवाखान्याची पाळी, एक राहिलं की ते उद्यावर, उद्याचं परवावर. फेरपरीक्षा मार्चमध्ये आहे. बाई म्हणाल्या, "तुमचं लक्ष घराकडे आहे." मी मान हलवली. सोपं होतं ते.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. तुला लिहिणार होते, की पोरांना माझी गरज आहे म्हणून येते. म्हणजे माझं नापास होणं पोरांच्या नावावर गेलं असतं आणि कुणी काही विचारलं नसतं. मग काल फोनवर टिटवीला विचारलं, "येऊ का गं मी?" ती जरा वेळ गप्प राहिली. ती गप्प राहिली की काय समजायचं ते मला माहीत आहे. मग म्हणाली, "ये, पण रविवारी नको. रविवारी माझ्या उरलेल्या फेऱ्या असतात. आता सोमवारी पण असतात."

दादा, किती उरल्या आहेत? मला धीर द्यायला काही लिहू नकोस. जे आहे ते लिही. त्यावर ठरवीन, बॅग उचलायची की उघडायची.

छोटी

•

१९ डिसेंबर

छोटे,

विचारलं आहेस म्हणून सांगतो. उरलेल्या फेऱ्यांची ओळ भिंत संपून दारावर गेली आहे. शब्दशः. दारावर वेगळा कागद चिकटवावा लागला.

तुझं पत्र आलं ती दुपारची, टिटवीच्या दमण्याची वेळ. पण ती आराम करत नव्हती, मंगळवारचा इतिहास शुक्रवारी लिहीत होती. मी पत्र वाचून घडी घातली. तिने वर न बघता विचारलं, "आई येतेय?"

मी म्हटलं, "बघू."

"माझ्यामुळे?"

मी चष्मा पुसायला घेतला. ती म्हणाली, "मामा, एक सांग. तुझ्या डेपोत एखादी गाडी खूपच लेट झाली तर तू काय करायचास?"

"किती लेट त्यावर आहे."

"म्हणजे पुढच्या फेरीची वेळ झाली तरी आधीची संपलेलीच नाही."

"मग मधली फेरी रद्द. गाडी पुढच्या फेरीला वेळेवर सोडायची. नाही तर त्या एका गाडीपायी सबंध मार्ग दिवसभर लेट चालतो. नवशिके तिथेच चुकतात, सगळ्या फेऱ्या पुऱ्या करायला बघतात." हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. माझा विषय ना.

पोरीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मग माझ्या का नाही करत रद्द?"

छोटे, मी आयुष्यभर डेपोतल्या तरण्याताठ्या पोरांना ज्या चुकीवरून झाडलं, ती चूक माझ्या घरच्या भिंतीवर लाल पेन्सिलीने आखलेली होती. सुबक अक्षरात.

मी म्हटलं, "शिक्षणात रद्द करायचं नसतं."

"असं कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. तेवढ्यात ढब्बू पलंगाखालून म्हणाला, "गाडी धुणे रद्द करा." ते फेटाळण्यात आलं. मग त्याने विचारलं, "सगळ्या फेऱ्या रद्द होतात का?" मी म्हटलं, "शेवटची सोडून. शेवटच्या गाडीमागे दुसरी गाडी नसते. थांब्यावर जो उभा असेल तो तिथेच राहील. म्हणून ती कितीही उशिरा येऊ दे, सोडायचीच." त्याला ते पटलं. पुन्हा पलंगाखाली गेला.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते. उरलेल्या फेऱ्या टिटवीच्या दमण्याने वाढल्या असं मी लिहिलं तर तू विश्वास ठेवशील, पण ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं माझं आहे. सहावीच्या मध्यावर मी शाळा सोडून गाड्या धुवायला गेलो, हे तुला माहीत आहे. पुढचं सगळं माझं मी शिकलो, आणि त्याची मला लाज नाही, गर्व आहे. हिशेब, वाचन, नकाशे, यांत मी कुणाला हार जाणार नाही. पण टिटवीच्या त्याच सहावीच्या गणिताच्या पुस्तकाच्या मध्यावर 'क्ष' नावाचं एक अक्षर येतं. आकड्यांच्या घरात अक्षराचं काय काम, हेच मला कळेना. पहाटे उठून स्वयंपाकघरात त्याच्याशीच भांडत होतो. रेडिओ तर कधीचा बिघडलाय. आणि मला येईना म्हणून मी अपूर्णांकांची उजळणी घेत राहिलो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तुला मी त्याला भक्कम पाया म्हणून लिहिलं. गाडी डेपोच्या फाटकाबाहेर काढायची भीती वाटत होती, एवढंच.

तर त्या दुपारी टिटवीने पुस्तक उघडून नेमकं ते पान माझ्यासमोर धरलं. "मामा, तुला हे येत नाही का?"

मी म्हटलं, "येत नाही."

ती हसली नाही. म्हणाली, "मग आधी सांगायचं ना. मला वाटलं माझ्यामुळेच सगळं अडलंय."

माझं उत्तर विचारलंस तर बॅग उघड. चार्ट मी उतरवला आहे. नवा तिघं मिळून करतो आहोत. वेळापत्रकावर टिटवीचं मत घेतो आहे, आणि ते फार बरोबर असतं, हे तिला सांगू नकोस. तुझ्या चार्टमधलीही एक फेरी रद्द कर. कोणती ते तुला ठाऊक आहे.

दादा

•

१० जानेवारी

प्रिय आई,

मामा म्हणाला मोठ्यांच्या पत्रात आता मलाही जागा आहे, कारण मी आता कंट्रोलर आहे. मामा साहेब आहे. ढब्बू अजून गाडीच आहे.

नवीन चार्ट सांगते. दारावरच्या सगळ्या उरलेल्या फेऱ्या आम्ही एकेक करून मोठ्याने वाचल्या आणि मी 'रद्द' म्हटलं की मामा खोडायचा. इतिहासातली पाच राजांची उत्तरं रद्द. सगळं सुलेखन रद्द. सुलेखन खोडताना मामाचा चेहरा बघायला हवा होतास. मग मी म्हटलं, "बरं, एक ठेव," तर लगेच ठेवलं.

दुपारी आता एक रिकामा चौकोन आहे. तिथे काहीच लिहायचं नाही असं ठरलंय. मामाने हळूच 'विश्रांती' असं लिहिलं होतं. मी खोडलं. त्या चौकोनात मी झोपते किंवा काकूंकडे जाऊन चिंध्या बघते. ढब्बू जिन्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिकिटं देतो.

आई, क्ष सोपा आहे. मी पुस्तक वाचून मामाला सांगितलं, क्ष म्हणजे अजून न आलेली गाडी. येणार आहे हे नक्की, फक्त नंबर माहीत नाही. थांब्यावरच्या बाकीच्या गाड्यांवरून शोधून काढायचा. मामाने ते वहीत एकदा करून बघितलं. मग म्हणाला, "हे इतकंच होतं?" आणि चष्मा पुसला. मग त्याने पाच गणितं सोडवली आणि मला तपासायला दिली. एक चुकलं होतं. मी लाल पेन्सिलीने खूण केली तर म्हणाला, "जरा बारीक कर."

तू एक फेरी रद्द केलीस का? ढब्बू विचारतोय, बॅग उघडलीस का आणि त्यात काही खाऊ होता का.

मी आता अर्धा जिना न थांबता चढते.

तुझी टिटवी

•

२ एप्रिल

दादा,

पास झाले. फेरपरीक्षेत, चांगल्या मार्कांनी. जादा वर्ग टिटवीचं पत्र आलं त्याच दिवशी सोडला. बाईंनी कारण विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, "मधली फेरी रद्द." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. जुलैपासून नोकरी कायम. जूनअखेर घरी येते, शेवटची पाळी आटोपून.

बॅगेत खाऊ नव्हता, ढब्बूला सांग. आता आणते.

दादा, डिसेंबरचं तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचते. तुझं 'येत नाही' वाचून मला धक्का बसेल असं तुला वाटलं असेल. उलट मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोप लागली. तुला सगळं येतं म्हणून मला तुझ्यासारखं व्हायचं होतं, आणि जमत नव्हतं म्हणून मी लपवत होते. तुलाही काही येत नाही म्हटल्यावर माझ्या अंगावरचं ओझं उतरलं.

आणखी एक. त्या पत्रात तू ढब्बूला सांगितलंस, की शेवटची गाडी रद्द करायची नसते. जणू हा डेपोचा नियमच. मला खरं माहीत आहे. मी संध्याकाळच्या कॉलेजला होते तेव्हा परतीची शेवटची गाडी प्रवासी नाहीत म्हणून सारखी रद्द व्हायची. एकदा मी सगळा रस्ता पायी आले, पायाला फोड आले. तू नुसतं पाणी गरम करून दिलंस. त्यानंतर ती गाडी कधीच चुकली नाही. कितीदा तर आत मी एकटीच असायचे. एक दिवस कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "तुमच्या भावाने साहेबांशी भांडून चार्टमध्ये ओळ घालून घेतली. शेवटची गाडी रद्द नाही. का ते काही सांगितलं नाही."

मीही तुला ते कधी बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात असं बोलायची पद्धत नाही. म्हणून पत्रात लिहिते. मी शिकले ते त्या गाडीत बसून शिकले, दादा. आज मला जे काही येतं, ते सगळं त्या गाडीने घरी पोचलं आहे.

पोरांच्या परीक्षेला माझ्या वतीने तू शाळेच्या फाटकाशी उभा राहा. आत जाऊन मास्तरांच्या चुका काढू नकोस.

तुझी,
छोटी

•

१६ जून

छोटे,

तुझ्या एप्रिलच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तीनदा बसलो. काय लिहावं ते सुचेना, आणि मला सुचत नाही असं सहसा होत नाही. तो कंडक्टर फार बडबड्या होता, एवढंच लिहितो. पत्र जपून ठेवलं आहे.

निकाल तुला फोनवर कळलाच, पण लेखी असलेला बरा. दोघंही पास. टिटवीला सगळ्यांत जास्त मार्क गणितात, आणि इतिहासात ती काठावर. पाच राजे रद्द केले होते, त्यांनी सूड उगवला. ढब्बूला 'माझी सकाळ' या विषयावर पाच ओळी लिहायच्या होत्या. त्याने लिहिलं, 'मी उठतो. मामा शिट्टी वाजवतो. माझी गाडी धुतात. मला राग येतो. मग इंधन मिळते.' बाईंनी मला बोलावून विचारलं, मुलाचं सगळं ठीक आहे ना.

काल शाळा सुरू झाली. मी सकाळी दोघांना तयार केलं. टिटवीची मैत्रीण खाली थांबली होती. ही दप्तर पाठीला लावून निघाली ती तीरासारखी, सबंध जिना न थांबता उतरली, आणि खालून ओरडली, "मामा, डबा!" छोटे, तो आवाज! समोरच्या थांब्यावरच्या माणसांनी वर पाहिलं. काकूंनी दार उघडलं. मला वाटलं आता आग लागली का विचारणार. तर डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "लागला गं बाई एकदाचा आवाज."

डॉक्टरांना माझा नमस्कार सांगायचा आहे. पाहुण्यांनाही, की त्यांनी पोरं माझ्यावर सोपवली. आणि तुझे आभार मानायचे ते कसे, हे अजून कळलेलं नाही. डेपोतून बाहेर पडलो तेव्हा मला वाटलं होतं, आता आपण डेपोत उभी गाडी. तू जाताना दोन पोरं माझ्या हाती दिलीस आणि म्हणालीस, "तुझ्याशिवाय कोण?" ते तू सोय म्हणून म्हणालीस की मला ओळखून, हे मी विचारणार नाही. पण हे वर्ष मला मिळालं ते तुझ्यामुळे.

पोरांना सोडून परत आलो. घर असं गप्प, की नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. म्हटलं, आता चार्ट उतरवावा, भिंत मोकळी करावी. स्टुलावर चढलो. तेव्हा दिसलं. लाल आणि निळ्या ओळींच्या खाली हिरव्या पेन्सिलीने एक नवी ओळ आखलेली होती, पट्टी न घेता, थोडी तिरकी.

ड्युटी क्रमांक तीन. मामा.

सकाळच्या फेरीत लिहिलं होतं, 'गणित, सहावी, मधल्या पानापासून.' दुपारचा चौकोन रिकामा. संध्याकाळी 'टिटवी तपासणार.' टेबलावर तिचं जुनं पुस्तक ठेवलेलं होतं, मध्यावर खुणेला चिंधी घातलेली. काकूंच्या चिंध्यांतली. पहिल्या पानावर तिने मला चार ओळी लिहिल्या होत्या:

'मामा, तू सहावीच्या मध्ये उतरलास ती फेरी तुला रद्द वाटते ना? पण तू मागून दुसरी पकडलीच नाहीस. म्हणजे ती शेवटची गाडी आहे. ती रद्द करता येत नाही. तूच सांगितलंस.'

स्टुलावरून उतरलो. चष्मा पुसला. मग खिशातून शिट्टी काढली आणि वाजवली, पूर्ण, नियमाप्रमाणे.

खालून काकू ओरडल्या, "अहो, पोरं तर शाळेत गेली! आता कुणाची गाडी?"

मी खिडकीतून सांगितलं, "माझी."

लवकर ये. घरी आलीस की मला विचार, मी कुठल्या पानावर आहे.

तुझा दादा